डेलियाचे कंद कुजतात, काय चुकतंय?

फोंड्याहून: डेलियाचे कंद कुंडीत लावले, आठ दिवसांत खालून काळे, मऊ पडले. रोज पाणी घालते.

डिचोली: रोजचं पाणीच नडलं. कोंब वर येईपर्यंत माती नुसती दमट हवी. लावणीही पाऊस पुरता ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर करा. 12 इंची कुंडी. तांबडी माती, रेती, कुजलेलं शेणखत समभाग. कंद आडवा, डोळा (जिथून कोंब फुटतो तो) वर, 4 इंच खोल. डोळा मानेपाशी, म्हणजे कंद देठाला जुळतो त्या निमुळत्या भागापाशी असतो. मान मोडलेला कंद कितीही जाडजूड असो, फुटत नाही.

म्हापसा: आधाराची काठी लावणीच्या वेळीच रोवा, नंतर रोवली तर कंदात घुसते. चार पानजोड्या आल्या की शेंडा खुडा.

फोंडा: रोप जमिनीत हलवायचं तर?

डिचोली: संध्याकाळी, मुळांभोवतीची माती न सांडता. दुपारचं ऊन लागणारी जागा टाळा.