कोबेत बोट लागली तर एवढं बघाच
काही जण सांगतात की क्रूझ जपानमधल्या कोबे बंदरात थांबली की सरळ क्योटो गाठावं, कोबेत बघण्यासारखं काही नाही. मला नाही पटत. एका दिवसात क्योटो म्हणजे निम्मा वेळ ट्रेनमध्ये आणि उरलेला गर्दीत.

बंदराकाठच्या मेरिकेन पार्कच्या कडेला भूकंप स्मारक आहे. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. त्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. बोटी लागायच्या त्या धक्क्याचा साधारण ६० मीटरचा तुकडा तेव्हा मोडला तसाच ठेवलाय. फुटलेलं काँक्रीट, वाकडे झालेले दिव्याचे खांब आणि भेगांमधून आत आलेलं समुद्राचं पाणी. तिकीट नाही. भरावाची जमीन हादऱ्याने पातळ झाली आणि धक्क्याच्या भिंती समुद्राकडे सरकल्या, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं. कोबे तेव्हा जगातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक होतं. भूकंपानंतर बरीचशी वाहतूक दक्षिण कोरियातल्या बुसान बंदराकडे गेली ती गेलीच.

तिथून चालत हिगाशी युएन्ची बागेत जा. तिथे मृतांच्या स्मरणार्थ कायम तेवणारी ज्योत आहे आणि जमिनीखालच्या खोलीत भिंतीवर नावं कोरलेल्या पाट्या. (गाइड मंडळी हे गाळून थेट कोबे बीफकडे नेतात, का ते देव जाणे.)

बोट पोर्ट टर्मिनलला लागली असेल तर पोर्ट लायनर या ट्रेनने शहराच्या मध्यावरचं सान्नोमिया स्टेशन गाठा. भूकंपाचं मोठं संग्रहालय शहराच्या पूर्वेला आहे, पण ते सहसा सोमवारी बंद असतं, तेव्हा बोटीचा वार आधी बघा.