जास्तीची नाणी विकली की लगेच दुकानदार?

दादरचा दमडीवाला
परवा इथे एकाने ठणकावून सांगितलं, पहिलं नाणं विकलं त्या दिवशी छंद मेला, तुम्ही दुकानदार झालात. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. डेपोत हिशेब देताना वेगळं नाणं दिसलं की स्वतःची चिल्लर भरून ते घरी आणायचे. नाण्यावरच्या सालाखाली हिरा म्हणजे आपली मुंबईची टांकसाळ, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नाही ते कोलकाता, हे मी पाढ्यांबरोबर शिकलो. ते गेले तेव्हा नुसती दुबार नाणी बरणीभर निघाली. ती विकून चार दुदांडी शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, घेतल्या, चिंचेने चकचकीत केल्या, दोन विकल्या, दोन ठेवल्या. काय बिघडलं?

तिकीटवेडी
दुबार विकणं वेगळं आणि दुबार व्हावं म्हणूनच घेणं वेगळं. नवं तिकीट निघालं की सकाळी पोस्टाच्या खिडकीवर तेच चौघे. शीटच्या शीट उचलतात. माझी लेक शाळा बुडवून गेली, हात हलवत परत आली. दुपारी तेच तिकीट मोबाइलवर तिप्पट भावाने. आणि खाली काय लिहिलेलं? ‘छंदासाठी’!

रिटायर्ड केमिस्ट
एक मिनिट. शिवराई चिंचेने घासली?? दोनशे वर्षांत तांब्यावर आपोआप चढलेला थर एका दुपारी उतरवलात? मीठ लावलं होतं का, एवढंच सांगा.

दादरचा दमडीवाला
काका, विषय विक्रीचा आहे. आमच्याकडे देवाची भांडीही चिंचेनेच घासतात.

रिटायर्ड केमिस्ट
मग शिवराईवर गंध लावून देव्हाऱ्यात ठेवा, अल्बमात कशाला! घासलेलं नाणं जाणता माणूस हातात धरत नाही. मीठ होतं का?

फोर्टातला सीए
छंद मेला की जिवंत आहे हे प्राप्तिकर खातं विचारत नाही. किती वेळा घेता, किती वेळा विकता, घेतानाच विकायचा हेतू होता का, ते बघतं. वडिलांची बरणी एकदा विकली म्हणून कुणी व्यापारी होत नाही. पण दर महिन्याला घेऊन-विकून ‘छंद हो’ म्हणाल तर हसतील. वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाखांवर गेली की जीएसटीही आला. आणि शिवराई शंभर वर्षांवरची, म्हणजे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू. तिचा धंदा करायचा तर परवाना लागतो. चिंच परवडली.

घाटकोपरचा भाचा
तुम्ही सगळे सुखी आहात. आमच्या मामांना व्हॉट्सॲपवर कळलं की वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात. ‘खरेदीदाराने’ आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे. मामांनी भरले. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलं होतं, ते दाखवलं तर म्हणाले, बँकेलाच ती नाणी हवी असतील! यात छंद कुठला?

तिकीटवेडी
मामांचं वाईट वाटलं, पण मूळ मुद्दा सोडू नका. दमडीवाले, चारही शिवराया ठेवायलाच घेतल्या होत्या ना?

दादरचा दमडीवाला
...दोन विकायच्याच होत्या. चौघींचा एकत्र भाव कमी पडत होता. पण त्या दोन विकल्या म्हणून बाकीच्या दोन परवडल्या. पगारात बसतं का हे सगळं? कफ परेडला राहणाऱ्यांनी मला निष्ठा शिकवू नये.

तिकीटवेडी
मी डोंबिवलीला राहते. रोज ८.०२ची लोकल पकडते.

दादरचा दमडीवाला
बरं, माघार. तुम्हाला नव्हतं म्हटलं.

तिकीटवेडी
बरं, मग माझंही थोडं. तुम्ही त्या चौघांतले नाही. अर्धे दुकानदार म्हणू फार तर.

दादरचा दमडीवाला
केवढे उपकार! बोर्ड रंगवून घेतो.

फोर्टातला सीए
बोर्डाआधी परवाना.

रिटायर्ड केमिस्ट
मी अजून थांबलोय.

दादरचा दमडीवाला
होतं काका. चिमूटभर.

रिटायर्ड केमिस्ट
वाटलंच! मीठ आत राहिलं असेल तर पावसाळ्यात हिरवट भुकटी सुटेल आणि तांबं पोखरत जाईल. दोन्ही आजच डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका, पाणी रोज बदला. आणि ज्याला त्या दोन विकल्यात ना, त्यालाही फोन करा.