फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात लहान आणि खरंच शांत हॉटेल, आईबाबांसोबत, कुठे बघू?

गच्चीवरचा
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन इटलीला चाललोय, रोमहून ट्रेनने फ्लॉरेन्स आणि तिथे चार रात्री. बाबा 71 वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर मस्त चालतात पण जिने जास्त झाले की चिडतात (दुखतंय असं कबूल करत नाहीत, नुसते चिडतात). आईची झोप अतिशय सावध, शेजारच्या खोलीत कोणी खोकलं तरी उठून बसते. मोठं चेन हॉटेल नकोय, दहा-बारा खोल्यांचं, जुन्या वाड्यातलं वगैरे हवंय आणि दुओमोपर्यंत (तिथलं मुख्य कॅथेड्रल) पायी जाता यायला हवं. साइटवर तर सगळीच हॉटेलं स्वतःला "शांत" आणि "अगदी मध्यभागी" म्हणवतात. दोन्ही एकावेळी शक्य आहे का? कोणता भाग बघू?

उंबरठा
शक्य आहे, पण भाग शोधण्याआधी खिडकी शोध. मी दोनदा राहिलेय तिथे, दोन्ही वेळा सेंटरमध्येच आणि दोन्हींमध्ये जमीनअस्मानाचा फरक. पहिल्यांदा खोली रस्त्याच्या बाजूला होती. गल्ली इतकी अरुंद आणि दोन्हीकडे दगडी भिंती, त्यामुळे खाली कोणी नुसतं बोललं तरी आवाज थेट वर यायचा, शिवाय सगळीकडे दगडी फरसबंदी, त्यावरून ट्रॉली बॅगा खडखडत जातात त्या रात्री बारापर्यंत आणि पुन्हा पहाटे पाचपासून कारण लोकांना ट्रेन पकडायच्या असतात. हॉटेलचा काही दोष नव्हता, माणसं फार गोड होती. दुसऱ्यांदा खोली आतल्या चौकाकडे. तिथल्या जुन्या वाड्यांनाही आपल्यासारखा मधे चौक असतो, कॉर्तिले म्हणतात. सकाळी पक्ष्यांच्या आवाजाने जाग आली, खरंच सांगते, आणि रस्ता तोच, दुओमोपासून सात मिनिटं!
तर बुकिंग करताना हॉटेल शांत आहे का असं विचारूच नकोस, सगळे हो म्हणणार. खोली चौकाकडे आहे की रस्त्याकडे, आणि खाली बार किंवा रेस्टॉरंट आहे का, हे मेल करून विचार. इटालियनमध्ये "कामेरा सुल कॉर्तिले" लिहिलंस तर लगेच कळतं त्यांना.

नकाशावाला
+1, फक्त चौकातही एक गोम असते. खाली रेस्टॉरंट असेल तर त्याच्या किचनचा एक्झॉस्ट बरेचदा चौकातच सोडलेला असतो, एसीची बाहेरची युनिटंही तिथेच टांगलेली. आमची खोली चौकाकडे होती आणि रात्री साडेअकरापर्यंत भांडी घासल्याचा आवाज. शिवाय या खोल्या अंधाऱ्या असतात, आईंना उजेड लागत असेल तर वरचा मजला मागा.
भागाचं म्हणाल तर सांतो स्पिरीतोचा चौक आणि सांता क्रोचेच्या मागच्या गल्ल्या रात्री टाळा, दिवसा छान आहेत पण संध्याकाळनंतर तरुण पोरं बाहेर उभी राहून पीत गप्पा मारतात ते उशिरापर्यंत. सगळे ओल्त्रार्नो म्हणजे नदीपलीकडे शांत असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे, सांतो स्पिरीतो तिकडेच येतं. मला स्वतःला सांतिस्सिमा अनुन्झियाता चौकाच्या आसपासचा भाग आवडतो. ब्रुनेलेस्कीने 1419 मध्ये सुरू केलेल्या अनाथाश्रमाच्या कमानी आहेत त्या चौकात, दुकानं कमी, संध्याकाळी जवळपास रिकामा असतो, आणि दुओमो आठ-दहा मिनिटांवर, सगळं सपाट.

चाकंबिकं
लिफ्टबद्दल कोणी बोललं नाही अजून, आणि काकांचा गुडघा म्हणजे तोच मुख्य मुद्दा आहे.
तिथे अनेक छोटी हॉटेलं अख्ख्या इमारतीत नसतातच, वाड्याच्या एका मजल्यावर असतात, खाली कॉमन दार, बेल वाजवायची. आता त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा हे आपल्याला माहीत असतं, पण जुन्या वाड्यांची छतं इतकी उंच असतात की त्यांचे दोन मजले म्हणजे आपल्याकडचे तीन-साडेतीन, वर काही ठिकाणी मधे एक पोटमाळा असतो तो मोजतच नाहीत. आणि लिफ्ट "आहे" म्हणजे काय तर नंतर कधीतरी जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली, दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग. आमच्या हॉटेलात (नाव लिहीत नाही) ती लिफ्ट सुरूच व्हायची नऊ पायऱ्या चढल्यावर!! फोटोत लिफ्टचं चकचकीत पितळी दार होतं, पायऱ्या फ्रेमच्या बाहेर. तर विचारताना रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती असा आकडा मागायचा. आकडा विचारला की लोक खरं सांगतात.
एक आडवळण: पोन्ते वेक्कियो या जुन्या पुलाच्या दोन्ही टोकांच्या इमारती दिसतात जुन्या धाटणीच्या, पण 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेताना जर्मनांनी बाकीचे सगळे पूल उडवले आणि हा एक ठेवला, बदल्यात त्याच्याकडे जाणारे रस्ते ढिगाऱ्यांनी बंद व्हावेत म्हणून शेजारची मध्ययुगीन घरं पाडली. त्यामुळे तिथलं बरंचसं बांधकाम युद्धानंतरचं आहे. लिफ्टच्या दृष्टीने हे बरंच, फक्त गर्दी मरणाची.

गच्चीवरचा
बापरे, हे पायऱ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. अजून दोन शंका: रोमहून कार घेऊन यायचा मोह होतोय, बाबांना बरं पडेल म्हणून, तर पार्किंग मिळतं का? आणि एप्रिलच्या शेवटी हीटर लागेल का?

नकाशावाला
कार नको!! जुन्या भागात झेडटीएल आहे, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना ठराविक वेळात बंदी, आणि पोलिस नाही, कॅमेरे. हॉटेलला नंबर कळवला तर ते सामान उतरवण्यापुरती नोंद करून देऊ शकतात, पण एक गल्ली चुकलात की दुसऱ्या कॅमेऱ्याखाली, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, भाड्याने गाडी देणारे वर आपली फी वेगळी लावतात. ट्रेनला दीड-पावणेदोन तास लागतात आणि सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन जवळपास सेंटरमध्येच आहे. तिथून टॅक्सी घ्या, टॅक्सीला आत सोडतात.
हीटरचं गमतीशीर आहे. तिथे हीटिंगच्या तारखा सरकारी नियमाने ठरतात, फ्लॉरेन्स ज्या विभागात येतं तिथे एरवी 15 एप्रिलपर्यंत. तुम्ही जाल तेव्हा हीटिंग बंद झालेलं असेल आणि एसी बऱ्याच ठिकाणी चालूच केलेला नसतो. जाड भिंतींच्या खोल्या रात्री गार पडतात, जास्तीचं पांघरूण मागून ठेवा.

उंबरठा
आणि 25 एप्रिल त्यांचा मुक्तिदिन, सुट्टी असते. तो तुझ्या चार दिवसांत येत असेल तर आजच बुक कर, छोट्या हॉटेलात खोल्याच किती असतात.
हो, पत्ता नीट बघ. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर दोन प्रकारचे घरनंबर असतात, दुकानं-रेस्टॉरंटचे लाल आणि घरांचे निळे किंवा काळे, आणि दोन्ही आपापल्या क्रमाने चालतात. म्हणजे लाल 24 आणि निळा 24 यांच्यात चांगलं अंतर असू शकतं. आम्ही रात्री दहाला बॅगा घेऊन एका चामड्याच्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभे होतो, नंबर बरोबर, रंग चुकीचा.

रात्रपाळी
मी उलट बोलणार. शांत खोली हवी तर गावाबाहेर राहा ना. जुन्या शहरात राहायचं आणि सकाळच्या घंटा नकोत, कचऱ्याची गाडी नको, मग मधोमध राहण्यात मजा काय? मला त्या घंटांनीच जाग यायला आवडते.

उंबरठा
@रात्रपाळी तुझं ठीक आहे रे, त्याची आई रात्रभर जागी राहिली तर सकाळी उफीझी म्युझियममध्ये पहिल्याच बाकावर झोपेल. घंटा कुठेही ऐकू येणारच, त्याला इलाज नाही, गच्चीवरच्या, आईसाठी इयरप्लग घेऊन जा.

गच्चीवरचा
अपडेट. पाच ठिकाणी मेल केले, पायऱ्यांचा आकडा आणि कॉर्तिले दोन्ही विचारलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने "अजिबात काळजी करू नका" एवढंच लिहिलं (म्हणजे काळजी करायची). एका बाईंनी सविस्तर लिहिलं: सांतिस्सिमा अनुन्झियाताजवळ, पहिला मजला, खोली आतल्या चौकाकडे, दारापासून लिफ्टपर्यंत 4 पायऱ्या, लिफ्टमध्ये दोनच माणसं मावतात, आणि खाली रेस्टॉरंट नाही, बुकबाइंडरचं दुकान आहे जे सहाला बंद होतं. तिथेच बुक केलं. सिटी टॅक्स वेगळा, माणशी दर रात्रीचा, तिथेच भरायचा असंही त्यांनी आधीच सांगितलं.
बाबांना लिफ्टचं सांगितलं तर म्हणाले, मग लिफ्टमधून तुझी आई आणि बॅग जाऊ दे, आपण जिन्याने येऊ.

चाकंबिकं
काकांना दुओमोशेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याबद्दल काही बोलू नका. 414 पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट नाही.