मदत हवी आहे: लातुरातील जुन्या स्लॅबवर मातीचे हिरवे छत करावे का?

नमस्कार. लातूर शहरातील आमचे घर २००४ साली बांधलेले आहे. कॉलम-बीमचे बांधकाम, तळमजला आणि त्यावर एक मजला, वरचा स्लॅब सुमारे १,०५० चौरस फुटांचा. गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहा वाजता पंख्याचा कपॅसिटर बदलायला स्टुलावर चढले, तेव्हा छताच्या गिलाव्याला हात टेकला. नुकत्याच भाकरी ठेवलेल्या टोपलीच्या बुडाला लागावा तसा तो गरम होता. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आमच्या अंगावर सोडत राहतो, हे तेव्हा हाताला कळले. त्यामुळे गच्चीच्या अर्ध्या भागावर, म्हणजे साधारण ५० चौरस मीटरवर, माती पसरून हिरवळ लावावी असा विचार आहे. एका ठेकेदाराने गच्ची पाहून सांगितले, “ताई, सहा इंच काळी माती टाका, वर लॉन लावा, काही होत नाही.” हे ‘काही होत नाही’ मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा धागा.

कारण घरातलेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आई औसा तालुक्यातील माहेरी होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले आणि गाव गाढ झोपेत. माहेरचे घर माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे जाड छत असलेले, होते. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची, गळकी जागा बुजवायची, आणि जुना थर मात्र कोणी काढायचे नाही. त्यामुळे आजोबांच्या काळात वीतभर असलेली माती दीड हातावर गेली होती. उन्हाळ्यात त्या घरात खरोखर गारवा असे, साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) येणारा कवडसा सोडला तर दुपारी आत ऊन म्हणून नसे. त्या पहाटे तीच माती दगडी भिंतींसह खाली आली. समोरच्या घरातली माणसे बाहेर काढायला सकाळ उजाडली. मी हिरव्या छताचा विषय काढला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “डोक्यावर पुन्हा माती नको.”

मातीच्या सांध्यांत रचलेल्या दगडी भिंती वेगळ्या आणि आमचे कॉलम-बीमचे घर वेगळे, हे मला समजते. तरीही हिशेब मांडला. ओली माती घनमीटरला सुमारे १,८०० किलो धरली, तर सहा इंचांच्या थराचे चौरस मीटरला २७० किलो होतात. ५० चौरस मीटरवर साडेतेरा टन. आमच्या स्लॅबवर पूर्वीच विटांच्या तुकड्यांचा कोबा (पाणी न गळण्यासाठीचा जाड थर) घातलेला आहे. माझे प्रश्न असे: हा भार २००४ च्या स्लॅबला पेलेल का? काळ्या मातीऐवजी हलके मिश्रण वापरता येईल का? नळाचे पाणी आमच्याकडे अनेक दिवसांच्या अंतराने येते, तेव्हा मे महिन्यात हिरवळ कशावर जगवायची? शेवटचे म्हणजे, गच्चीच्या उरलेल्या भागावर १२ बाय १४ ची अभ्यासाची खोली काढायची आहे. तिच्या भिंती राखेच्या विटांच्या कराव्यात की एएसी ब्लॉकच्या (हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या)?

प्रतिसाद १

ताई, मी नांदेडला स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो. तुमच्या आईंना जे वाटते, ते निव्वळ भीती म्हणून बाजूला सारू नका. त्यांच्या बोलण्यात अभियांत्रिकीही आहे. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, आणि वजन जितके उंचावर तितका तो जोर कॉलमला अधिक जाचतो. लोक येथे एक गफलत हमखास करतात. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकात, चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास चल भार (कायम न राहणारा भार) धरलेला असतो, म्हणून तेवढी माती खुशाल चालेल असे समजतात. परंतु तो भार माणसांसाठी, लग्नकार्याच्या गर्दीसाठी, वाळवणासाठी राखलेला आहे. छतावरचा चल भार भूकंपाच्या गणितात धरावा लागत नाही. माती मात्र कायमचा भार असल्यामुळे ती पूर्णच्या पूर्ण धरावी लागते. शिवाय किल्लारीचा परिसर १९९३ पर्यंत देशातील सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंप क्षेत्रात मोडत होता आणि भूकंप मानकाच्या २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. तुमचे घर त्यानंतर दोन वर्षांनी उभे राहिले असले, तरी घराचा नकाशा कोणत्या नियमाने काढला होता हे कागद पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये.

आता कोब्याकडे या. चार-साडेचार इंचांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जाते, म्हणजे एक माळवद तुमच्या डोक्यावर आधीच आहे. कोबा जुना होऊन पोकळ वाजत असेल, तर तो काढून त्याजागी हलके वॉटरप्रूफिंग करावे. जेवढे वजन उतरेल त्याच्या आतच नवा थर बसवावा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि विटांचा चुरा यांचे चार इंचांचे मिश्रण पाणी पिऊन शंभर-सव्वाशे किलोंपर्यंत राहू शकते. काळी माती तर गच्चीवर आणूच नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिचा बारीक गाळ पन्हाळीत बसला की पाणी स्लॅबवर तुंबते; तुंबलेल्या पाण्याचे वजन कोणी हिशेबात धरलेले नसते.

प्रतिसाद २

मी बीड जिल्ह्यात बागकाम करते, म्हणून फक्त पाण्याविषयी लिहिते. एका चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे एक लिटर गेले. आपल्याकडच्या मे महिन्यात लॉनला चौरस मीटरला रोज पाच लिटर तरी लागते. तुमच्या ५० मीटरला अडीचशे लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात गच्चीवरच्या गवतासाठी टँकर बोलावणे मला तरी पटत नाही. घोळ, चिनी गुलाब, कोरफड यांसारख्या जाड पानांच्या वनस्पती थोड्या पाण्यावर तग धरतात. मात्र गारवा मुख्यतः पानांतून उडणाऱ्या पाण्यामुळे मिळतो, त्यामुळे कमी पिणारी झाडे गारवाही कमीच देतात. मातीचा थर आणि त्यावरची सावली यांचा फायदा तेवढा उरतो.

दुसरी गोष्ट, सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असे मानले, तरी तुमच्या पूर्ण गच्चीवरून वर्षाला सुमारे ५५ हजार लिटर पाणी मिळू शकते. हिरवे छत त्यातला मोठा वाटा स्वतःच पिते, आणि उरलेले पाणी तांबूस होऊन उतरते. ते बोअरच्या पुनर्भरणाला गाळून चालेल, हौदात पिण्यासाठी नको.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वरच्या ताईंशी सहमत आहे. केवळ उष्मा कमी करायचा असेल, तर आधी पांढरे छत करून पाहा. राखाडी काँक्रीट बहुतेक ऊन शोषून घेते, तर स्वच्छ चुन्याचा पांढरा थर त्यातले बरेचसे परत पाठवतो. अहमदाबादने उष्मा कृती आराखड्यात आणि तेलंगणाने २०२३ च्या कूल रूफ धोरणात हाच मार्ग धरला आहे. चुना पावसाळ्यागणिक पुन्हा मारावा लागतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक टिकते, पण त्याचे वजन वाढते आणि धूळ बसली की काम मंदावते, म्हणून झाडणे आलेच.

खोलीसाठी एएसी ब्लॉक घ्या. परळीच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्या भागात राखेच्या विटा सहज मिळतात, शिवाय भट्टीसाठी सुपीक माती खणावी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. तळमजला असता तर मी त्याच सुचवल्या असत्या. गच्चीवर मात्र वजन पाहायचे. एएसी घनमीटरला ६०० किलोच्या आसपास असतो, राखेची वीट त्याच्या अडीच-तीन पट जड. ब्लॉक बाहेरून नीट गिलावा करून पाण्यापासून जपावे लागतात. खोली धरून कॉलमचा संपूर्ण हिशेब एकदाच करून घ्या.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे आभार. आज सकाळी हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकून पाहिला. पश्चिमेच्या कठड्याजवळ सहा-सात फूट तो पोकळ वाजतो, आणि तेथेच कठड्याच्या फटीतून पिंपळाचे रोप आलेले आहे. मूळ नकाशा नगरपालिकेच्या शिक्क्यासह सापडला, पण सळयांचा तपशील असलेले दुसरे पान त्यात नाही. तेव्हा ठेकेदाराला नको म्हणून कळवले आहे. या उन्हाळ्यापुरता चुना मारते. पावसाळ्यानंतर पश्चिमेचा कोबा फोडून स्लॅबची जाडी मोजून घेईन आणि आकडे येथेच लिहीन. आईला चुन्याचे सांगितले, तर तिने विचारले, “त्याचे वजन किती?”