प्रचारात स्वयंसेवक म्हणून काम करण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी परळला राहतो आणि विधानसभेच्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघातील एका अपक्ष उमेदवारासाठी प्रथमच विनामोबदला काम करण्याचे ठरवले आहे. चाळींमध्ये मला अडचण येत नाही. दारे उघडी असतात, लोक पाणी विचारतात आणि पाण्याच्या वेळांपासून पुनर्विकासापर्यंत मनापासून बोलतात. परंतु गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये सुरक्षारक्षक फाटकावरच अडवतात आणि सोसायटीच्या सचिवांना दिलेल्या पत्राचे उत्तरही येत नाही. तेथील मतदारांना त्यांच्या खासगीपणाचा मान राखून कसे भेटावे?

दुसरा प्रश्न खर्चाचा आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे, हे मला माहीत आहे. मात्र पत्रके मी स्वतःच्या पैशांनी छापली, तर ती रक्कम उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत कशी नोंदवतात आणि त्यासाठी आधी लेखी परवानगी कोणाची घ्यावी लागते? माझ्या उत्साहामुळे एका प्रामाणिक माणसाच्या हिशेबात त्रुटी राहू नये, ही मला खरी काळजी आहे.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबल्यावर स्वयंसेवकांनी नेमके काय करावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.