मदत हवी आहे: गाडी थांबली की एसी कोमट, गॅरेजवाले कॉम्प्रेसर बदला म्हणतायत

चौथा_गियर

पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षं जुनी. गॅस आर-१३४ए, कॉम्प्रेसर बेल्टवरचा, क्लचवाला. गाडी पळत असली की एसी झकास. सिग्नलला उभी राहिली की दोन-तीन मिनिटांत जाळीतून कोमट हवा. पुन्हा वेग घेतला की थंड.

मागच्या उन्हाळ्यात गॅस टॉप-अप झाला, यंदा परत. दोन्ही वेळा व्हॅक्यूम न करता नुसता गेज लावून डब्यातून भरला. यंदा भरल्यापासून त्रास वाढलाय. आता निदान असं की कॉम्प्रेसर गेला.

उभ्या गाडीवर घेतलेले आकडे: बाहेर ३६ अंश, आयडलला लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) ५५ पीएसआय, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्याचा) ३१०. रेस दिली की हाय ३४० कडे सरकतं, म्हणून लगेच सोडून दिली. मधल्या जाळीत थर्मामीटर १७ अंश दाखवतो. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर गॅस ४३० ग्रॅम लिहिलाय.

गेज सेट आणि मल्टीमीटर हाताशी आहे, व्हॅक्यूम पंप आणता येईल. कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

निळा_गेज

नाही. कॉम्प्रेसरला हात लावू नका.

दमलेल्या कॉम्प्रेसरची खूण उलटी असते: लो वर चढतं, हाय खाली येतं, दोन्ही काटे एकमेकांकडे झुकतात आणि रेस दिली तरी फारसा फरक पडत नाही. तुमचा हाय ३१० पर्यंत नेतोय आणि रेस दिल्यावर आणखी चढवतोय. दाब तयार होतोय, उष्णता बाहेर पडत नाही. ३६ अंशांच्या हवेत हाय साधारण २०० ते २५० मध्ये असायला हवं. आर-१३४ए ३१० पीएसआयला द्रव व्हायचा तर कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरसमोरचा गॅस गार करून द्रव करणारा भाग, सत्तरीच्या वर तापलेला लागतो.

लो आणि हाय दोन्ही जास्त असले की संशयित तीनच: कंडेन्सरवरून हवा जात नाही, गॅस जास्त भरलाय, किंवा गॅसमध्ये बाहेरची हवा मिसळलीय. तुमच्याकडे एकाहून जास्त असावेत असा अंदाज. खर्च करण्याआधी हे बघा.

एसी लावा आणि रेडिएटरचा पंखा कधी सुरू होतो ते पाहा. मग आयडलवर चालू एसीत कंडेन्सरवर पुढून साध्या नळीनं पाण्याची धार सोडा. हाय धपकन खाली आलं आणि झोत गार झाला, तर हवेच्या प्रवाहात खोट आहे हे नक्की. तिसरी चाचणी बहुतेक लोक करतच नाहीत. गाडी रात्रभर सावलीत बंद ठेवा, सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी गेज जोडा, आणि कंडेन्सरजवळचं तापमान आणि दाब दोन्ही लिहा.

रबरी_बुश

एवढा खटाटोप कशाला? लीक सीलंटचा डबा टाका आणि वरून गॅस मारा. लाइनवरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे झाले की गॅस पुरेसा.

पाना_दहाचा

सीलंट अजिबात नको. ते ओलावा किंवा हवा लागली की घट्ट होतं. सिस्टिममध्ये ओलावा असला तर पहिलं चोंदतं ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं (द्रव गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या झडपेचं) बारीक भोक, आणि नंतर गॅस काढून घेणाऱ्याचं रिकव्हरी मशीनही. सीलंट आहे म्हटलं की बरेच जण गाडीला मशीन लावायलाच नकार देतात.

काचेचा भरवसा आर-१२ ह्या जुन्या गॅसच्या जमान्यात होता. आर-१३४एमध्ये भरणा बरोबर असूनही थोडे बुडबुडे दिसू शकतात, आणि ते नाहीसे होईपर्यंत भरत राहिलं की हमखास जास्त भरला जातो.

चौथा_गियर

तिन्ही चाचण्या झाल्या.
पंखा एसी लावल्यावर फिरत नाही. इंजिन बरंच तापलं की एकदम जोरात सुरू होतो.
पाणी मारल्यावर हाय ३१० वरून २४० वर, जाळीत ११ अंश.
सकाळी तापमान २६ अंश, दोन्ही गेज १०५ पीएसआय.

निळा_गेज

१०५ हा आकडा सगळं सांगतो.

बंद सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. आत २०० ग्रॅम असो की ५००, आर-१३४ए २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७ आणि ३५ ला ११४ दाखवणार. २६ अंशांना ८५ च्या आसपास हवं होतं. वरचे २० पीएसआय हवेचे. व्हॅक्यूम न करता टॉप-अप केला की गेज सेटच्या पिवळ्या होजमधली हवा दर वेळी आत ढकलली जाते. ती कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवून हाय चढवते. डब्यात दुसराच कुठला गॅस मिसळलेला असला तरीही आकडा असाच बिघडतो, पण दोन्हीवर उपाय एकच.

ह्यातच दुसरी गोष्ट आली: गेजवरून गॅस किती आहे ते कळत नाही. काटा बघून ‘अजून थोडा जाऊ दे’ म्हणणारा माणूस अंदाजपंचे भरतोय. ४३० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये पन्नास-साठ ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक जाणवतो.

मिसळलेली हवा वेगळी काढता येत नाही. सगळा गॅस रिकव्हरी मशीननं काढून घ्या. मशीनवर तो तोलला जातो, तो आकडा मागून घ्या. पाइप ढिला करून हवेत सोडू नका. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरतात, आणि उडालेला द्रव डोळ्यात गेला तर बुबुळ गोठतं. गॉगल आणि हातमोजे घालूनच होज लावा-काढा.

पाना_दहाचा

पंख्याचं बघू. कमी वेगावर मुळीच नाही आणि जास्त वेगावर जोरात, ही कमी वेगाचा रेझिस्टर जळाल्याची ठराविक खूण. तो पंख्याच्या चौकटीवर, हवेच्या झोतात बसवलेला असतो. कनेक्टर काढून ओहममध्ये मोजा: चांगला असेल तर एका ओहमच्या आतबाहेर, जळालेला असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. रेझिस्टर ठीक निघाला तर कमी वेगाचा रिले आणि फ्यूज. काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल असतं, तिथे ही मोजणी लागू नाही.

रेझिस्टर जळाला तर नुसता बदलून मोकळे होऊ नका. पंख्याचं बेअरिंग जड झालं की मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टरही जातो. इंजिन थंड आणि बॅटरीची वायर सुटी असताना पातं बोटानं फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. खरखर किंवा अडकल्यासारखं वाटलं तर मोटरही बदला. बसवल्यावर पंखा चालू करून कंडेन्सरसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. वायरी उलट लागल्या तर पंखा हवा पुढे फेकतो, आणि पळत्या गाडीत ते लक्षातही येत नाही.

कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधली फट बघा. धूळ, किडे, पिसं यांचा नमद्यासारखा थर तिथे जमतो आणि पुढून काही दिसत नाही. साध्या धारेनं इंजिनाच्या बाजूनं पुढे धुवा. प्रेशर वॉशर मारला की पत्रे आडवे होतात आणि हवा कायमची अडते.

निळा_गेज

आता गळती. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे कुठून तरी जातोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे तोच खेळ पुन्हा.

गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून आधी डोळ्यांनी तेलकट धुळीचे डाग शोधा: कंडेन्सरचे खालचे कोपरे आणि खडी लागणारा पुढचा भाग, पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचं शाफ्ट सील. सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गेज जोडायच्या तोंडाच्या, आत टायरसारखी पिन असते, तिच्यावर साबणाचा फेस लावा. कूलिंग कॉइल दिसत नाही, तिच्यासाठी पाणी गळण्याच्या नळीपाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा. नळीतून येणारं पाणी तेलकट असेल तर डॅशबोर्ड खोलायची मनाची तयारी ठेवा.

गॅस काढल्यावर कोरड्या नायट्रोजनची चाचणी उत्तम: रेग्युलेटर लावून १५० पीएसआय, जोडांवर साबण, मग अर्धा-पाऊण तास काट्यावर नजर. कॉम्प्रेसरची हवा ह्यासाठी कधीच नाही. तिच्यात ओलावा असतो, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

चौथा_गियर

कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा काळा डाग आहे. नायट्रोजनवर तिथेच बारीक बुडबुडे. रेझिस्टरही जळालेलाच निघाला, मोटर मोकळी आहे. रिकव्हरीत ५२० ग्रॅम निघाले. कंडेन्सर वेल्डिंग करून घेऊ की नवा?

पाना_दहाचा

५२० म्हणजे ९० ग्रॅम जास्त. तिन्ही संशयित सापडले.

कंडेन्सर नवा. चपट्या, बारीक नळ्यांच्या ॲल्युमिनियम कंडेन्सरवरचं वेल्डिंग टिकत नाही. ड्रायर त्याच्या बाजूच्या नळकांड्यात असेल तर नव्याबरोबर येतो. वेगळी बाटली असेल तर तीही बदला. नव्याची बुचं जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका, ड्रायर हवेतला ओलावा पिऊन घेतो.

तेल: जुन्या कंडेन्सरमधलं मापात ओतून बघा, पण सगळं बाहेर येत नाही. नव्यात २० ते ३० मिली घालणं सर्वसाधारण, नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतो, पीएजी ४६ किंवा १००. उघडी राहिलेली पीएजीची बाटली वापरू नका. ओ-रिंग सगळ्या नव्या, आर-१३४एला चालणाऱ्या, सिस्टिमच्याच तेलात बोट बुडवून ओल्या करून बसवा. कोरडी रिंग बोल्ट आवळताना चिरते. ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

निळा_गेज

मग व्हॅक्यूम. पंप पाणी ओढून काढत नाही, दाब इतका कमी करतो की पाणी उकळून वाफ होऊन निघतं. ३० अंशांना त्यासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरच्या खाली यावा लागतो. दहा मिनिटांत काटा तळाला गेला तरी पंप चालू ठेवा, निदान ४५ मिनिटं. सिस्टिम उघडी राहिली असेल तर जास्त. मग आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद, नंतर पंप बंद, आणि वीस मिनिटं वाट पाहा. काटा थोडा वर येऊन थांबला तर ओलावा शिल्लक, पंप परत लावा. सतत चढत राहिला तर गळती.

भरताना डबा वजनकाट्यावर ठेवा आणि पिवळ्या होजमधली हवा आधी फुस्स करून काढा. इंजिन बंद ठेवून हाय बाजूनं द्रव सोडा, व्हॅक्यूममुळे बराचसा आपोआप आत जातो. मग हायचा व्हॉल्व्ह पक्का बंद करा, पुन्हा तपासा, आणि इंजिन व एसी सुरू करून उरलेला लो बाजूनं, डबा उभा ठेवून, वाफेच्या रूपात. एसी चालू असताना हायचा व्हॉल्व्ह उघडला तर तो दाब डब्यात उलटा जातो आणि डबा फुटतो. लो बाजूनं द्रव सोडला तर कॉम्प्रेसर फुटायची वेळ येते. डबा गार पडून गॅस जाईना झाला तर कोमट पाण्यात धरा, ४० अंशांच्या वर नाही. ४३० ग्रॅम झाले की थांबा, मग गेजचा काटा काहीही म्हणो.

चौथा_गियर

व्हॅक्यूम लावलाय, पण काटा २९ ऐवजी २७.५ इंचांवर अडलाय. पंप खराब?

निळा_गेज

गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे? दर ३०० मीटरला गेज साधारण एक इंच कमी दाखवतं. ६०० मीटरवर २८ च्या आत थांबणं स्वाभाविक आहे. पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर मात्र ते बदला.

लोड_शेडिंग

हायब्रिड गाडीवर हेच चालेल का?

पाना_दहाचा

नाही. तिथला कॉम्प्रेसर विजेवरचा, नारिंगी केबलवर हाय व्होल्टेज. बहुतेकांत पीएजीऐवजी पीओई तेल असतं. जुन्या होजमधलं थोडं पीएजी आत गेलं तरी इन्सुलेशन कमी होऊन गाडी फॉल्ट दाखवते. होज आणि मशीन त्या तेलासाठी वेगळं ठेवणाऱ्याकडेच द्या. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असेल तर पोर्टच वेगळे असतात. अडॅप्टर लावून त्यात आर-१३४ए भरायच्या फंदात पडू नका.

चौथा_गियर

झालं. ४३० ग्रॅम तोलून. पंखा एसीबरोबरच सुरू होतो. ३५ अंशांना आयडलवर लो ३६, हाय २२५, जाळीत ९ अंश.

निळा_गेज

आकडे चोख. दोन्ही पोर्टची प्लास्टिकची टोपणं आतल्या रबरी रिंगसकट लावा. आतली पिन थोडीफार झिरपतेच, ती अडवायचं काम टोपणाचं. महिन्याभरानं सकाळचा दाब आणि तापमान पुन्हा घेऊन इथे टाका, आणि त्याच वेळी नवे जोड तेलकट झालेत का ते बोट फिरवून बघा.