चेंगदूला बदली, दमा असलेलं लेकरू सोबत न्यावं का?

जालन्याचा दादा:
नमस्कार मंडळी. लहान भावाला कंपनी दोन वर्षांसाठी चीनला पाठवायलीय, चेंगदू म्हणून शहर आहे, वहिनी आणि सहा वर्षांचा पुतण्या पण जाणार. लेकराला दमा आहे, इकडं जालन्यातच दिवाळीनंतर रोज पंप लागतो, रात्री छाती वाजायला लागली की आई त्याला खांद्यावर घेऊन बसून राहते. व्हिडिओत बघितलं तर तिथले टॉवर अर्धे धुरक्यात गायब. आई नकोच म्हणायलीय. कुणी राहिलंय का तिथं?

गोदाकाठ:
मी २०१५ ते २०१९ तिथंच होतो. २०२० च्या जनगणनेत २ कोटींच्या वर लोक निघाले, एवढं मोठं शहर आणि ते कढईच्या तळाला बसल्यासारखं, चारी बाजूंनी डोंगर, वारा जवळपास नाहीच. थंडीत वरची हवा गरम आणि खालची गार राहते, मग झाकण ठेवल्यागत धूर खालीच कोंडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्या हिवाळ्यात खिडकीतून क्रेनचा आवाज यायचा पण क्रेन दिसायची नाही, आणि मार्चमध्ये एका सकाळी स्वच्छ झालं तर समोरची बिल्डिंग सहा मजले वर गेलेली.
पण वर्षागणिक फरक पडला हे पण खरं. पाऊस पडून गेला की पश्चिमेला बर्फाचे डोंगर दिसायचे, ६२५० मीटरचा सिगुनियांग, १०० किलोमीटरच्या पलीकडचा, लोक कॅमेरे घेऊन गच्चीवर पळायचे. मला तेव्हा संभाजीनगरची आमची गच्ची आठवायची, लहानपणी तिथून देवगिरीचा किल्ला दिसायचा, आता टॉवर आडवे आलेत आणि जी फट राहिलीय तिच्यात नुसती धूळ.

लातूरकर:
बीजिंगचं सांगतो, पीएम २.५ म्हणजे हवेतले फुफ्फुसात खोल जाणारे बारीक कण, २०१३ ला त्यांची वर्षाची सरासरी घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२१ ला ३३ वर आली. घराघरातला कोळसा काढून गॅस आणि वीज दिली, जुन्या गाड्या भंगारात काढल्या, कारखाने हलवले. तरी डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, मर्यादा ५ आहे, म्हणजे अजून लांबच. आणि दादा, जालना, लातूर, संभाजीनगर तिन्ही केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात खराब हवेच्या शहरांच्या यादीत आहेत, तेव्हा इथं ठेवलं म्हणजे लेकरू सुटलं असं धरू नका.

परभणीची ताई:
माझ्या पोरीला पण दमा आहे म्हणून सांगते, आधी डॉक्टरांना विचारा, पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) चिठ्ठीसकट जास्तीचे न्या. भावाला पुढं जाऊ द्या, घर बघू द्या, झोपायच्या खोलीत हवा साफ करायचा प्युरिफायर बसवू द्या, वहिनी आणि लेकरू थंडी सरल्यावर जातील.

जालन्याचा दादा:
ताई, हे आईला वाचून दाखवलं, मार्चचं ऐकून जरा शांत झाली. गोदाकाठ भाऊ, घर कितव्या मजल्यावर घ्यावं, वर की खाली? आणि शाळेत पण प्युरिफायर असतात का तिथं?